गोड खात नाही, जाडही नाही, मग शुगर कशी? आणि गोळी जन्मभराची का?

तुमचं पत्र लांब आहे, म्हणून मला समजलं तसं आधी मांडतो. वय ५२, जन्म ७३ चा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. उंची साडेपाच फूट. वजन चार महिन्यांपूर्वी ६७ किलो होतं, आता ६३. तहान फार लागायला लागली, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागायचं, म्हणून रक्त तपासलं. उपाशीपोटी १८२, जेवणानंतर २७६, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज) ९.२. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी लिहून दिली. ती तुम्ही घेतलीच नाही, कारण मेहुणे म्हणाले, ‘एकदा धरली की सुटत नाही,’ आणि त्यांनी एक पुडी आणून दिली. आता विचारता: मी गोड खात नाही, पोट सुटलेलं नाही, घराण्यात कुणाला शुगर नाही, मग मलाच का? गोळी खरंच जन्मभर घ्यावी लागते का? ज्वारीची भाकरी चालते ना? आणि २६ वर्षांच्या मुलाचं काय?

मी सोलापुरातच फिजिशियन आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी जर-तर ठेवूनच सांगणार. एक मात्र जर-तरशिवाय सांगतो: पुडी बंद करा आणि लिहून दिलेली गोळी सुरू करा. डायबिटीस ठरवायला उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ पुरे असतं. लक्षणं नसतील तर आम्ही एकदा परत तपासून खात्री करतो. तुमचे आकडे आणि लक्षणं एकत्र पाहिली तर परत तपासण्यासारखं काही उरत नाही.

पुडीचं थोडक्यात. पाकिटावर घटक लिहिलेले नसलेल्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. शुगरच्या ‘जडीबुटी’मध्ये ॲलोपॅथीच्याच गोळ्या कुटून घातल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. म्हणजे एक तर पुडीत काहीच नाही आणि तुमची शुगर अडीचशेच्या घरात चालू आहे, नाहीतर आत औषध आहे आणि किती आहे ते कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या प्रकारच्या पुडीवर डॉक्टरांची गोळी पडली तर शुगर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. पाकीट टाकून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणखी एक विचारून घेतो, कारण पेशंट हे आपणहून कधी सांगत नाहीत: गुडघ्यासाठी, कंबरेसाठी किंवा दम्यासाठी कुठली पुडी, गोळी, इंजेक्शन चालू आहे का? त्यात स्टेरॉइड असेल तर शुगर नुसत्या त्यानेही चढते.

आता ‘मलाच का’. तुमचाच रिपोर्ट पुढ्यात घेऊ. समजा रात्री आठला जेवलात आणि सकाळी सातला रक्त दिलंत. मधले अकरा तास पोटात काही नाही, तरी रक्तात १८२. ही साखर आली कुठून? ती तुमच्या लिव्हरने सोडली. रात्रभर मेंदूला साखर पुरवायची म्हणून लिव्हर थोडी थोडी साखर रक्तात सोडतच असतं, आणि पुरेशी झाली की इन्सुलिन त्याला थांबवतं. लिव्हरमध्ये चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. स्नायूंचंही तसंच. जेवणानंतर आलेली साखर इन्सुलिनच्या सांगण्यावरून स्नायूंनी उचलायची असते, ती ते उचलत नाहीत. मग स्वादुपिंडातल्या बीटा पेशी जास्त इन्सुलिन बनवून हे ओढून नेतात. दोन माग बघणाऱ्या कामगाराला त्याच पगारात चार माग बघायला सांगितले तर काही वर्षं तो धावपळ करून निभावतो, पुढे धागे तुटायला लागतात आणि माल खराब निघतो. बीटा पेशींचं हेच होतं. शुगर रिपोर्टात दिसते तेव्हा ही ओढाताण सुरू होऊन बरीच वर्षं झालेली असतात. इंग्लंडमध्ये १९७७ पासून झालेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात दिसलं, की निदानाच्या दिवशी बीटा पेशींची ताकद जवळपास निम्म्यावर आलेली असते.

या सगळ्यात पेढे-जिलेबी कुठे आली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. गोडाने भर पडते, पण मूळ लिव्हरमधली चरबी आणि स्वादुपिंडाची कुवत यांत आहे.

पण तुमचं वजन तर ६७ च होतं, मग चरबी कुठली? याचं उत्तर आपल्या पुण्यातूनच आलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. कपड्यांत दोघंही सडपातळच. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांत स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही कातडीखाली कमी आणि पोटाच्या आत, लिव्हरभोवती जास्त. वजनकाट्यावर ती दिसत नाही. म्हणून मी पेशंटचं वजन नंतर बघतो, आधी टेप घेतो. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. पँटचा नंबर सांगू नका. पँट आपण पोटाखाली बांधतो. पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८०, याच्या वर गेलं तर पोट सुटलेलं आहे, आरसा काहीही म्हणो.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. आई सांगायची, की दुष्काळात पोटात तुम्ही असताना ती खडी फोडायला जात होती आणि घरात मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणि सुकडीवर दिवस निघत होते. ७२ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्याने कसा काढला हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. आईच्या पोटात असताना उपासमार झाली तर बाळाचं शरीर मिळेल ते मेंदूकडे वळवतं आणि स्नायू, स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली होती. त्या वेळी पोटात असलेल्यांना पुढे मोठेपणी तपासलं, तर साखर पेलण्याची त्यांची ताकद कमी निघाली. तुमचा डायबिटीस त्यानेच झाला असं एका माणसाच्या बाबतीत कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण कमी कुवतीचं स्वादुपिंड घेऊन जन्मलेल्या माणसाला पुढे भरपूर खायला मिळालं, तर काय होतं ते मला माझ्या ओपीडीत रोज दिसतं. लंडनच्या माणसाला ९० किलोवर जी शुगर होते ती आपल्याला ६७ वर होते.

‘घराण्यात कुणाला नाही’ हे वाक्यही मी जपूनच घेतो. तुम्हीच लिहिलंय, की वडील साठीच्या आत हार्ट अटॅकने गेले आणि त्यांची शुगर कधी तपासली नव्हती. तपासलं नाही म्हणजे नव्हती असं होत नाही.

रात्रपाळीचाही वाटा आहे. झोप मोडते, रात्री दोनला जेवण होतं, आणि त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही. पाळी बदलून मिळते का ते विचारून बघा. डॉक्टरांची चिठ्ठी नेलीत तर काही मालक ऐकतात. मागावर आठ-दहा तास उभं राहणं हा व्यायाम आहे असं बरेच कामगार मला सांगतात. पाय दुखतात हे खरं, पण स्नायूंना साखर उचलायला लावणारी हालचाल ती नव्हे. आणि चहा! तुम्ही ‘गोड खात नाही’ लिहिलंत आणि चार ओळी खाली ‘दिवसाला सहा कप चहा’. कपात दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर. दिवसाला ६० ग्रॅम, महिन्याला पावणेदोन किलोच्या आसपास. तुमच्या घरात ती साखर किराणाच्या यादीत आहे, तुमच्या हिशेबात नाही.

इथे एक जर-तर. तुमचं वजन चार किलो उतरलं, त्याचं मला जास्त वाटतं. शुगर फार वाढली की ती लघवीतून वाहून जाते आणि वजन उतरतं, बहुतेकांत कारण तेवढंच असतं. पण सडपातळ माणूस, पन्नाशीपुढे नवी शुगर आणि उतरणारं वजन, असे तिन्ही धागे एकत्र आले की मी आणखी काही तपासतो. छातीचा एक्स-रे, कारण शुगर असलेल्याला टीबीचा धोका दोन-तीन पटींनी जास्त. पोटाची सोनोग्राफी, स्वादुपिंडात खडे किंवा दुसरं काही नाही ना ते बघायला. आणि शुगर आटोक्यात आल्यावरही वजन उतरत राहिलं तर सीटी स्कॅन. गॅड अँटिबॉडी नावाची तपासणी, कारण काही मोठ्या माणसांत शरीर स्वतःच बीटा पेशी मारत असतं. तो आजार हळू चालणाऱ्या टाइप १ चा, आणि त्यांना इन्सुलिन लवकर लागतं. सी-पेप्टाइड ही तपासणी स्वादुपिंडात किती दम उरलाय ते सांगते, पण ती आज करू नका. शुगर २७६ असताना बीटा पेशी थिजलेल्या असतात आणि आकडा उगाच कमी येतो. दोन-तीन महिने शुगर खाली ठेवून मग करा. घाबरवायला हे लिहीत नाही; बहुतेकांचं हे सगळं नॉर्मल येतं आणि साधा टाइप २ च निघतो.

आता गोळीकडे. मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरवर काम करते, ते रात्रभर साखर सोडत होतं ते कमी करते. डायबिटीससाठी ती १९५७ पासून वापरात आहे, इतकी जुनी आणि पारखलेली गोळी आमच्याकडे दुसरी नाही. पहिले काही दिवस पोट बिघडतं, मळमळतं. म्हणून जेवणाच्या मध्ये किंवा नंतर घ्या, आणि ५०० मिलिग्रॅमने सुरुवात करून हळूहळू वाढवायची. ‘गोळीने किडनी जाते’ हे सोलापुरात मी जितक्यांदा ऐकलंय तितकं दुसरं काही ऐकलं नसेल. किडनी वाढलेल्या शुगरने आणि बीपीने जाते. किडनी आधीच अशक्त झाली तर आम्ही मेटफॉर्मिन कमी करतो, फार अशक्त झाली तर बंद करतो. लोकांना गोळी आणि किडनी एकाच वेळी दिसतात आणि दोष गोळीला लागतो. तिचा खरा दोष वेगळा आहे: वर्षानुवर्षं घेतली की बी१२ उतरतं. शाकाहारी असाल तर वर्षाकाठी ते तपासा, नाहीतर पायाच्या मुंग्या बी१२ च्या असतात आणि आपण शुगरच्या समजतो.

ग्लिमेपिराइडबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला असं मी सांगेन. औषध वाईट नाही, स्वस्त आहे, काम लगेच दाखवतं. पण ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. रात्रपाळीला जेवण दोन तास पुढे गेलं की हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. चालत्या मागाशेजारी हे झालेलं मला नको. सिटाग्लिप्टिनसारख्या गोळीने शुगर एकटीने सहसा इतकी खाली जात नाही, आणि २०२२ मध्ये तिचं पेटंट संपल्यापासून ती कामगाराच्या खिशाला परवडते. तोवर ग्लिमेपिराइड चालू असेल तर गोळी घेऊन जेवण चुकवायचं नाही, आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची. अस्वस्थ वाटलं आणि मीटरवर ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, वर आली की मग काही खायचं. मीटर जवळ नसेल तर आधी साखर, मग चौकशी. एकादशीला तर ही गोळी सवयीने घ्यायचीच नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. उपासाची साबुदाणा खिचडी हा वेगळाच विषय. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, तो उपास शुगरला कळत नाही. बेत करायचाच तर भगर थोडी आणि दही-ताक जास्त.

डापाग्लिफ्लोझिन हे नाव तुम्ही कुणाकडून तरी ऐकून विचारलंय. २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून ती सगळीकडे लिहिली जाते, आणि हृदय, किडनी सांभाळायला खरंच चांगली आहे. ती साखर लघवीतून बाहेर काढते. तुमचं वजन आधीच उतरतंय आणि इन्सुलिन किती उरलंय ते ठाऊक नाही, अशा वेळी मी ती पहिल्या दिवशी देत नाही. इन्सुलिन कमी असलेल्या माणसात तिने रक्तात ॲसिड साठू शकतं, आणि मीटरवर शुगर फार दिसतही नाही. शिवाय आपला एप्रिल-मे, ४२-४३ चा पारा आणि कारखान्यातली उष्णता. पाणी कमी पडलं की त्रास होतो. तपासण्या नॉर्मल आल्यावर तिचा विचार जरूर व्हावा.

इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी हे डोक्यातून काढा. एचबीएवनसी १० च्या वर किंवा शुगर तीनशेच्या वर असेल तर मी कधी कधी सुरुवातच इन्सुलिनने करतो, थकलेल्या पेशींना उसंत मिळावी म्हणून, आणि पुढे ते काढूनही टाकतो. तुम्ही त्या रेषेच्या थोडे अलीकडे आहात.

मग जन्मभर? मेहुण्यांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, पुष्कळांची गोळी सुटत नाही. पण गोळीची सवय लागते म्हणून नव्हे. गोळी बंद केली की आजार होता तिथेच दिसतो, आणि बीटा पेशींची कुवत वर्षागणिक उतरत जाते म्हणून काहींना पुढे गोळ्या वाढवाव्या लागतात. न घेणाऱ्याचीही कुवत उतरतेच, आणि वाढलेली शुगर ती आणखी लवकर उतरवते. यूकेपीडीएसचा निकाल १९९८ मध्ये आला. सुरुवातीपासून शुगर काटेकोर ठेवलेल्यांत, नेहमीच्या उपचारावरच्या गटापेक्षा, डोळे-किडनीचे त्रास २५ टक्क्यांनी कमी होते. नंतर दोन्ही गटांची शुगर सारखी झाली, तरी दहा वर्षांनी, २००८ मध्ये पाहिलं तेव्हाही आधी काटेकोर असलेल्यांचा फायदा टिकून होता. म्हणून निदानानंतरची पहिली वर्षं मी हातची जाऊ देत नाही. तुम्ही ती पुडीवर घालवताय.

गोळी सुटणं शक्य आहे का? काहींच्या बाबतीत, हो. न्यूकासलचे प्रा. रॉय टेलर यांचं म्हणणं असं, की प्रत्येक माणसाची चरबी पेलायची एक हद्द असते. ती ओलांडली की चरबी लिव्हरमध्ये आणि स्वादुपिंडात उतरते. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात लोकांना दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी देऊन तीन ते पाच महिने ठेवलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची शुगर औषधाविना नॉर्मलच्या जवळ होती, आणि १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के. पण ते सगळे जाड, आणि आजार सहा वर्षांच्या आतला. तुमच्यासारख्या सडपातळ लोकांवर टेलर यांनीच नंतर २० जणांचा छोटा अभ्यास केला, त्यात १४ जणांची औषधं सुटली. २० हा आकडा लहान आहे, त्यावर मी कुणाला वचन देत नाही.

आणि हे वाचून उद्यापासून उपाशी राहू नका. तुमचं आत्ता उतरतंय ते वजन चुकीचं आहे, त्यात स्नायू जातायत. आधी शुगर खाली आणायची, वजन स्थिर करायचं, तपासण्या करायच्या. कंबर ९० च्या वर आणि सी-पेप्टाइड चांगलं असेल तर मग तीन-चार किलो चरबी उतरवण्याचा प्रयत्न करू शकतो, डॉक्टरांच्या नजरेखाली, गोळ्या कमी करत करत. औषधाविना तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला आम्ही रेमिशन म्हणतो. बरा झाला असं म्हणत नाही, कारण वजन परत आलं की शुगरही परत येते. कंबर कमी, सी-पेप्टाइड कमी असेल तर गोळी राहील, आणि त्यात कमीपणा काही नाही.

भाकरी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक (जीआय) मानांकन मिळालं, आपल्याला अभिमान असायलाच हवा. पण ज्वारी म्हणजे औषध नव्हे. ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, चपातीहून फार वेगळं काही नाही. चोथा थोडा जास्त आणि पोट भरल्यासारखं जास्त वेळ वाटतं, हा खरा फायदा. दोन भाकऱ्या चालतील, चार नाही. कडक भाकरी बेताने: ती मोडत, चावत गप्पा मारताना चौथी कधी संपली ते कळत नाही. शेंगाचटणीने शुगर चढत नाही, पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, वर तेल ओतलं की झालंच. दोन चमचे पुरे. ताटात आधी कोशिंबीर आणि मटकीची किंवा मुगाची उसळ, खात असाल तर अंडी, मासे. भाकरी त्यानंतर, भात एक मूद. याच क्रमाने जेवून, दोन तासांनी स्वतःच्या मीटरवर बघा, माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. चहा एकदम सोडू नका, आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी करत जा. गूळ घातला म्हणून सुटका नाही, सेंद्रिय असला तरी. ऊसाचा रस आणि डाळिंबाचा ज्यूस नको, डाळिंब दाणे काढून वाटीभर चालेल. हुरड्याला बोलावणं आलं तर जा, पण तिथे तीळ, शेंगा, खोबरं, गूळ असं सगळं समोर असतं, पोट मोजून खा.

जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. चालताना स्नायू इन्सुलिनशिवायही साखर उचलतात, म्हणून त्याच वेळी चालण्याचा फायदा जास्त. आठवड्यात दोनदा बैठका, जोर, पाण्याचे कॅन उचलणं, जे जमेल ते. तुम्हाला स्नायू वाढवायचे आहेत.

पायांचं थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या गावात शुगरपेक्षा पायाने जास्त लोक खाटेवर पडलेले मी पाहिलेत. बधिर पायाला चटका कळत नाही. उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी चालून तळव्याला फोड आलेले, आषाढीला पंढरपूरहून चालून आल्यावर जखम दाखवायला आलेले, यांतल्या बऱ्याच जणांना दुखलंच नव्हतं. रोज झोपताना तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा ठेवा, नाहीतर घरात कुणाला तरी दाखवा. भोवरी ब्लेडने कापायची नाही. अंगठ्याची सैल चप्पल सोडून मागे पट्टा असलेली घ्या. बिडी किंवा मिश्री असेल तर पायाचा रक्तपुरवठा आधीच अर्धवट असतो, ती सोडण्यापुढे माझ्या बाकी सगळ्या सूचना दुय्यम आहेत.

डोळ्याचा पडदा, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, बीपी आणि कोलेस्टेरॉल हे आत्ताच बघून घ्या, ‘पाच वर्षांनी’ नव्हे. आजार केव्हा सुरू झाला ते कुणालाच माहीत नसतं. वडिलांचा इतिहास पाहता कोलेस्टेरॉलची गोळीही सांगितली जाईल, तीही टाळू नका. खर्चाचं अवघड असेल तर सरकारी रुग्णालयातल्या एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकमध्ये शुगर-बीपीच्या मूळ गोळ्या मोफत मिळतात, आणि जनौषधी केंद्रात स्वस्त. एचबीएवनसी तीन महिन्यांनी परत करा, त्याआधी करून उपयोग नाही. त्यासोबत हिमोग्लोबिनही बघा. लोह कमी असेल तर एचबीएवनसी आहे त्याहून जास्त दिसतं. तहान वाढली, उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास असं झालं तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना.

मुलाचं. हो, तपासा, २६ हे वय लवकर नाही. उपाशीपोटीची शुगर, एचबीएवनसी आणि कंबर, तिन्ही. सगळं ठीक असेल तर वर्ष-दोन वर्षांनी परत. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आलं तर तो उंबरठ्यावर आहे. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात असे १३.६ कोटी लोक आहेत आणि डायबिटीस झालेले १०.१ कोटी. उंबरठ्यावरून परत फिरता येतं. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात नुसत्या खाण्या-चालण्याच्या बदलाने आपल्याच लोकांत डायबिटीसकडे जाण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं, आणि मेटफॉर्मिनने मिळालेला फायदाही जवळपास तेवढाच होता. तो रात्री उशिरा जेवून मोबाइल घेऊन पडतो असं तुम्ही लिहिलंय. जेवणानंतर चालायला निघाल की त्यालाही बरोबर घ्या, आणि तुमचा टेप घरात आहेच, त्याची कंबर आज मोजून टाका.